पाहिलं, म्हणून ठाऊक

इंग्रजीतलं 'विट' हे क्रियापद आता कोणी चालवत नाही. जाणणे, ठाऊक असणे हा त्याचा अर्थ. वर्तमानकाळात ते 'वॉट' होई, भूतकाळात 'विस्ट'. 1611 सालच्या जेम्स राजाच्या बायबलात ही दोन्ही रूपं भेटतात, शेक्सपिअरची पात्रंही 'वॉट' बोलतात. पुढे 'नो'ने त्याची गादी बळकावली.

मला त्याची ओढ लागली ती त्याच्या व्याकरणातल्या खोडीमुळे. जुन्या इंग्रजीत 'मला ठाऊक आहे' म्हणजे 'इच् वात', 'त्याला ठाऊक आहे' म्हणजे 'हे वात', आणि 'आम्हाला' म्हणायचं तर 'वे वितोन'. रूपाची घडण भूतकाळाची, अर्थ मात्र आत्ताचा. आता संस्कृतात या: अहं वेद, स वेद, वयं विद्म. तीच खोडी! लिट् म्हणजे परोक्ष भूतकाळात धातूचा आरंभ एरवी दुणावतो. कृचं चकार, दृश्‌चं ददर्श. इथे तसं काही होत नाही, आणि 'वेद' म्हणजे 'जाणलं' नव्हे, 'जाणतो'. ग्रीकांचं 'ओइदा' याच वळणाचं. कारण या सगळ्यांच्या मुळाशी एकच धातू, आणि त्याचा मूळ अर्थ पाहणे. लॅटिनने तो तसाच जपला, आपल्या 'व्हिडिओ'त तोच आहे. पाहून झालं, म्हणून आता ठाऊक आहे! ज्ञानाची इतकी रोखठोक व्याख्या मला तत्त्वज्ञांच्या पोथ्यांत सापडलेली नाही.

क्रियापद गेलं, गोतावळा राहिला. 'वाइज' त्यातलाच, 'विटनेस'ही. वकिली मसुद्यांत 'टु विट' अजून तग धरून आहे, 'म्हणजेच' या अर्थाने. वकील मंडळी कुठलाच शब्द मरू देत नाहीत. आपल्याकडे विद्या, विद्वान, वैद्य आणि वेदनाही.

वेदनेवरून आठवलं. 1340 मध्ये कँटरबरीच्या मायकल नावाच्या मठवासीने एका फ्रेंच ग्रंथाचं केंटच्या बोलीत भाषांतर पुरं केलं. नाव 'आयनबाइट ऑफ इनविट'. 'इनविट' म्हणजे आतलं जाणणं, सदसद्विवेक; 'आयनबाइट' म्हणजे पुन्हा पुन्हा घेतलेला चावा. भाषांतर बेतास बात, पण नाव टिकलं. 1922 च्या 'युलिसिस' कादंबरीत जॉइसने ते स्टीफन या पात्राच्या मनात पेरलं. मरणाऱ्या आईने गुडघे टेकून प्रार्थना कर म्हटलं आणि हा पठ्ठ्या टेकला नाही. ते त्याला आतून कुरतडतं. लॅटिन कुळातला 'कॉन्शन्स' जॉइसच्या हाताशी होताच, पण त्याला असे दात नाहीत.