रंग लावण्यापूर्वी

वकिलीच्या व्यवसायात एक गोष्ट आम्ही लवकर शिकलो. खटला उभा राहतो तो तयारीच्या बळावर. युक्तिवादाचे तेज ही नंतरची गोष्ट. तैलरंगातील मोठ्या निसर्गचित्रालाही हाच न्याय लागू पडतो. वीतभर कागदावरचे जलरंगचित्र एका बैठकीत साधेल. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच कॅनव्हास पूर्वतयारीवाचून कोणास दाद देत नाही.

देवस्थानच्या सभागृहासाठी असे एक चित्र काढण्याचे आम्ही अंगावर घेतले आहे. बऱ्हाणपुरास वास्तव्य असल्याने विषय जवळचाच निवडला: लोधीपुरा. पुढे केळीच्या बागा, मध्ये झाडांच्या शेंड्यांवर दर्गा-ए-हकीमीचा पांढरा घुमट आणि मागे उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग. बोहरा समाजाचे संत सय्यदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांचे हे समाधिस्थान.

हिवाळ्यातील कित्येक सकाळी आम्ही तेथे सात ते नऊ एवढाच वेळ बसलो. नवानंतर सावल्या दिशा पालटतात, आणि सूर्य कोणासही तारीख वाढवून देत नाही. त्या रेखाटनांतून बारा इंच बाय आठ इंचांचे एक कच्चे चित्र निश्चित केले. त्यावर इंचाइंचाचे ९६ चौकोन आखले. मोठ्या कॅनव्हासवर तेच चौकोन सहा-सहा इंचांचे होतील आणि प्रमाण बिघडणार नाही. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८२१ सालच्या 'द हे वेन' या चित्राआधी त्याच आकाराचे संपूर्ण कच्चे तैलचित्र रंगविले होते. त्याच्या मानाने आमचे श्रम थोडेच.

कापड चौकटीवर ताणून प्रथम सरस द्यावा, तो वाळल्यावर पांढरे अस्तर, आणि त्यावर मातकट रंगाचा विरळ हात. पुढे रंगाचे पहिले थर टर्पेंटाइनने पातळ केलेले असावेत. जवसाचे तेल वरच्या थरांत क्रमाने वाढवावे. तेलकट थर सावकाश वाळतो. त्यावर कोरडा थर चढविला, तर काही वर्षांनी चित्राला भेगा पडतात.

कच्चे चित्र आम्ही समाजातील वडीलधाऱ्यांकडे पाहण्यास पाठविले. त्यांतील एकांनी कळविले, "वकीलसाहेब, चित्र सुरेख आहे. परंतु सभागृह देवस्थानचे. त्या घुमटाऐवजी तेथे एखादे शिखर दाखविता येणार नाही काय?"

सूचना सद्भावनेची होती, म्हणून आम्ही उत्तरही विचार करून दिले. चित्रकाराचे कारण असे की, तो घुमट ही दृश्यातील सर्वांत उजळ जागा आहे. केळीचा हिरवा किती गडद आणि डोंगराचा निळा किती फिका, हे तिच्यावरून ठरते. दुसरे कारण वकिलाचे. विजेचे खांब आम्हीही गाळले आहेत. त्याने कोणाचा हक्क बुडत नाही. पण जे नाही ते उभे करणे म्हणजे खोटी साक्ष. तिसरे कारण सर्वांत जवळचे. १५६० साली श्रीमंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळास न्यावे लागले, ही आठवण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. देव आपल्या जागेवरून हलविला जाणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी दुसऱ्याचे पवित्र स्थान चित्रातूनदेखील हलवू नये.

पंधरा दिवसांनी त्यांचे उत्तर आले: "घुमट राहू द्यावा. चित्र जिन्याच्या वळणावरून वर जाईल, एवढे मात्र पाहावे."

जिन्याचे माप आम्ही मागविले आहे. तोवर अस्तर वाळत आहे.