मागच्या दाराचा कॅमेरा

सोमवार, १२ मे २०२५, तासगाव
आमच्या कोल्ड स्टोरेजच्या मागच्या दाराचं त्या रात्रीचं रेकॉर्डिंग नाहीच. बेदाण्याचे अकरा बॉक्स कमी भरले आणि पहिलं बोट रात्रपाळीच्या हमालमामांकडे गेलं. आज जुना रेकॉर्डर उघडला. पंख्यावर धुळीचं जाड अस्तर, आत एकुलती एक डिस्क, तीही घरगुती कॉम्प्युटरची. चालू केली की टक्‌टक्‌ वाजते आणि थांबते. पंधरा वर्षं इथे ओझी उचलणाऱ्या माणसाची अब्रू या डिस्कवर टांगलेली होती. रात्री जेवण गेलं नाही.

बुधवार, १४ मे
कॅमेऱ्यांच्या नव्या सर्व्हरचं कोटेशन आलं. दोन भारी प्रोसेसर आणि डिस्का जेमतेम. अगदी उलटं. चित्र दाबून लहान करायचं काम कॅमेराच करतो. सर्व्हरने ते फक्त लिहून ठेवायचं, पण एक क्षणही न थांबता. प्रोसेसरला घाम फुटतो तो एकदम अनेक चित्रं उघडून बघताना, नाहीतर गाड्यांचे नंबर वाचायला लावल्यावर. बघण्यासाठी वॉचमनच्या केबिनमध्ये वेगळा कॉम्प्युटर देईन.

वहीत हिशेब मांडला. ४८ कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट: सेकंदाला १९२ मेगाबिट, म्हणजे २४ मेगाबाइट. दिवसाला दोन टेराबाइटच्या वर, ३० दिवसांना ६२. म्हणून १२ टेराबाइटच्या आठ डिस्का, चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेल्या, रेड ६ मध्ये. दोन डिस्कांची जागा सुरक्षेत जाते, ७२ टेराबाइट हाती उरतात. रेड ५ मध्ये एक डिस्क वाचली असती. पण गेलेली डिस्क पुन्हा भरून निघायला दिवसभर तरी लागतो आणि तेवढ्यात दुसरी गेली तर सगळंच गेलं.

क्लाउडचा विचार सोडला. एवढा डेटा रात्रंदिवस बाहेर पाठवेल अशी लाइन आमच्याकडे नाही.

शनिवार, १७ मे
बॉक्स सापडले! तीन नंबरच्या चेंबरमध्ये, दुसऱ्याच शेतकऱ्याच्या लॉटखाली. मामा काही बोलले नाहीत, पाणी पिऊन कामाला लागले.

मालक अण्णा म्हणाले, “दोन नवे रेकॉर्डर घेऊ की, स्वस्तात होईल.” दुकानाला, दहा-सोळा कॅमेऱ्यांना रेकॉर्डर उत्तमच. इथे मात्र दोन पॉवर सप्लाय हवेत, वेगवेगळ्या यूपीएसवर, आणि चालू सर्व्हरमधून डिस्क बदलता आली पाहिजे. तसं सांगितलं. अण्णा थोडा वेळ मामांकडे बघत राहिले, मग म्हणाले, “मागव.”

मंगळवार, १० जून
सर्व्हर बसला. संध्याकाळी एका यूपीएसची पिन काढली. मग छातीवर दगड ठेवून तीन नंबरची डिस्क ओढली. तांबूस दिवा लागला, बझर ओरडला. मागच्या दाराच्या चित्रातले सेकंद मात्र पळतच होते. रेकॉर्डिंग पुन्हा लावून पाहिलं, मधला एकही सेकंद गहाळ नव्हता.

तेवढ्यात मामा डोकावले. चित्रात स्वतःला बघून म्हणाले, “सायेब, हितं सव्वासात दावतंय. माझ्या गेटपासवर सात अकरा हाय.”

खरंच. त्या कॅमेऱ्याचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. उद्या सगळे ४८ कॅमेरे आणि गेटपासचा कॉम्प्युटर सर्व्हरच्या एकाच घड्याळाला जोडायचे.