वाट सांगणारी बाई

पूर्वी प्रवासाला दोन पाय लागत आणि एक तोंड. पाय थकले तर बैलगाडी मिळे. तोंडाला मात्र पर्याय नसे. ‘पाव्हणं, पाटणला हाच रस्ता ना?’ असे दहा ठिकाणी विचारल्यावाचून पाटण येत नसे. आणि ज्याला विचारावे तोही नुसते ‘हो’ म्हणून मोकळा होत नसे. कुठले तुम्ही, कोणाकडे चाललात, ही चौकशी झाल्यावरच त्याचा हात दिशेकडे वळे. वाट दाखवणाऱ्याचे आपल्याकडे मोल मोठे. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटातून वाट कशी काढावी हे साहेबाच्या इंजिनिअरांना उमगेना, ती एका धनगराने दाखवली, अशी आख्यायिका आहे. जाणारेयेणारे अजून तिथे नाणे टाकतात. साहेबाचे नाव कोणाला आठवत नाही.

आमच्या मोटारीतही हल्ली एक शिंग्रोबा आहे. फक्त तो बाईच्या आवाजात बोलतो. तळहाताएवढे, काचेला रबरी चकतीने चिकटवायचे, प्राध्यापकाच्या खिशाला परवडणारे नेव्हिगेशनचे यंत्र. मोबाईल असताना हे कशाला, असे स्टाफरूममध्ये विचारतात. कारण साधे आहे. याचे नकाशे याच्या पोटात असतात. रेंज गेली म्हणून ही बाई मुकी होत नाही.

बाईंची विद्या थोर आहे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरतात. अमेरिकेने यातला पहिला १९७८ साली सोडला. प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ. निदान चार उपग्रहांचे संदेश यायला किती वेळ लागला हे मोजून यंत्र आपली जागा ठरवते. सामान्य माणसासाठीच्या संदेशात अमेरिका मुद्दाम खोट मिसळत असे. २ मे २००० पासून ती बंद झाली, म्हणून आज बाईंना रस्त्याची योग्य बाजूही कळते. वाहतुकीच्या खोळंब्याची बातमी मात्र आकाशातून येत नाही. ती खालूनच, मोबाईलमार्फत येते. पुढे गेलेल्या गाड्यांतले फोन आपापला वेग वर कळवत असतात. बरेच जण एका जागी रांगू लागले की यंत्र तो रस्ता लाल रंगवते. म्हणजे पुढच्यांनी सोसलेले मागच्यांच्या उपयोगी पडते. जिथे फारसे कोणी जातच नाही, तिथली खबर बाईंना नसते.

त्यांचे मराठी हा मात्र माझ्या पोटदुखीचा विषय आहे. गावांची नावे त्या रोमन अक्षरांवरून वाचतात. त्या लिपीत ना ‘ळ’ ना ‘ण’. कराडचे ‘कॅरॅड’ होते, वडगावचे ‘वॅडगाऑन’. त्यातून आपल्याकडे वडगावे किती! शिवाय प्रत्येकाला बुद्रुक आणि खुर्द ही शेपटे. फारसीतल्या ‘बुजुर्ग’चा बुद्रुक झाला, म्हणजे थोरले गाव, खुर्द म्हणजे धाकटे. हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. बाईंना थोरल्या-धाकट्याची चाड नाही. नकाशा नवा करून घेतला नाही, तर त्यांची स्मृतीही जुनीच राहते. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नवे रस्ते खुले झाले. त्यानंतर कित्येक दिवस आमची मोटार पडद्यावर डोंगरातून धावत होती.

पण खरी अडचण बाईंची नाही, अण्णांची आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, एस.टी.त कंडक्टर होते. १९६७ साली चिकटले ते थेट निवृत्तीपर्यंत. कराड–चिपळूण ही त्यांची आवडती फेरी. आमच्या मोटारीत पुढची जागा त्यांची, आणि रस्ता सांगण्याचा मानही त्यांचाच. यंत्र आल्यापासून त्या मानाला वाटेकरी झाला.

यंदा गणपतीसाठी चिपळूणकडे निघालो. कात्रजच्या बोगद्यात शिरताच बाईंचे उपग्रहांशी बोलणे तुटले. अण्णा खुशीत म्हणाले, ‘‘बोगदा मला कळतो, तिला नाही.’’ पण बाहेर पडल्यावर बाईंनी बजावले : पुढे खोळंबा, बावीस मिनिटे उशीर, सेवारस्त्याला वळा. अण्णा म्हणाले, ‘‘टोलनाक्याची रांग असेल. सरळ चल.’’

‘‘अण्णा, वळून तर बघू.’’

मी वळलो. वरच्या रस्त्यावर ट्रक आडवा झाला होता, मागे गाड्यांची रांग. आम्ही खालून सुटलो. बाई खऱ्या ठरल्या. अण्णा काही बोलले नाहीत. खंबाटकी गेला, सातारा गेला, उंब्रजला हमरस्ता सोडला, तरी बोलले नाहीत. माणूस म्हातारा केव्हा होतो? गुडघे धरल्यावर नव्हे. आपल्याला वाट विचारायचे लोकांनी सोडले, की.

पाटणच्या पुढे मोबाईलची रेंज गेली. खोळंब्याच्या बातम्या थांबल्या. कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी बाई म्हणाल्या, ‘‘पुढील कित्येक किलोमीटर सरळ जा.’’ पुढे हातभर रस्ताही सरळ नव्हता! फाटा नाही म्हणजे सरळ, हा त्यांचा हिशेब. पाऊस कोसळत होता, धुके काचेला टेकले होते. मी बाईंचा आवाज शून्यावर आणला आणि म्हणालो, ‘‘अण्णा, आता तुम्ही सांगा.’’

अण्णांनी काचेवर हात फिरवला. ‘‘दिवे खाली ठेव. या वळणाला डोंगराकडून पाणी येतं, मधून चल.’’ मग एकेक वळण सांगू लागले. इथे ड्रायव्हर नारळ फोडायचा. इथे एक आजी रोज हात करायची. थांबा नव्हता, पण गाडी थांबायची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा नोकरीला वर्षही झाले नव्हते. ‘‘त्यानंतर घाटात दगड घरंगळला तरी गाडीभर माणसं एकदम देवाचं नाव घ्यायची.’’ पोफळीला उतरेपर्यंत त्यांच्या आवाजात डबल घंटीचा ठसका आला होता.

बाईंवर माझा राग नाही. ट्रकपाशी त्यांनी आम्हांला दोन तासांची शिक्षा चुकवली, आणि परतीच्या प्रवासातही त्यांचे ऐकूनच गाडी हाकली. मी कोठे आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. पण त्या जागी कोण हात करून उभे राहत असे, हे कुठल्या उपग्रहाने सांगावे?

नकाशा मी नवा करून घेतला आहे. माझ्या मुलीने मात्र आजोबांजवळ बसून एक वही भरायला घेतली आहे. कराडपासून चिपळूणपर्यंतचे सगळे थांबे, नसलेल्या थांब्यांसह. आजीचा थांबा तिने लाल शाईने लिहिला आहे.