कुंडीतली थंडाई

थंडाई म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्याला कारण काही वर्षांपूर्वीची पुण्यातली एक होळी पार्टी. गच्चीवर डीजे, हातात हिरवट दुधाचा ग्लास. अर्धा तास झाला तरी काहीच होईना, म्हणून दुसरा घेतला. पोटातून गेलेली भांग चढायला तास-दोन तास घेते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं! पुढचा दीड दिवस मी पंख्याची पाती मोजत पडून होतो. सोमवारची मीटिंग हुकली ती हुकलीच.

त्यामुळे परवा कोल्हापूरला आत्याकडे गेलो आणि आतेभाऊ म्हणाला, "दादा, सांजच्याला तालमीत चल, थंडाई पाजतो," तेव्हा मी आधी हातच जोडले. पठ्ठ्या हसत सुटला. "आवो, आमच्या थंडाईत भांग नसतीया. पैलवानानं नशा करून कसं चालंल?"

आत्याचं घर मंगळवार पेठेत. मिरजकर तिकटीवरून आत शिरलं की बोळाबोळांत मंडळं, फुटबॉल टीमचे झेंडे आणि तालमी. इथून खासबाग मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. राजर्षी शाहू महाराजांनी युरोपच्या दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि कोल्हापुरात १९१२ मध्ये कुस्तीसाठी हे मैदान उभं राहिलं. १९५२ मध्ये हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन येणारे खाशाबा जाधव याच शहरात राजाराम कॉलेजला शिकले. थोडक्यात, इथे कुस्ती हा छंद नाही, घरचा विषय आहे.

तालमीत शिरताच तांबड्या मातीचा वास आला. त्यात हळद, ताक, तेल, लिंबू मिसळलेलं असतं. पोरांचे जोर-बैठका संपत आल्या होत्या आणि कोपऱ्यात वस्ताद कुंडी पायात धरून बसले होते. रात्रभर भिजवून सोललेले बदाम, खसखस, मगज, बडीशेप, वेलची, थोडी काळी मिरी. पाण्याचा थेंब-थेंब टाकत लाकडी सोट्यानं घोटायचं. मग फडक्यातून गाळायचं, उरलेला चोथा पुन्हा घोटायचा, शेवटी दूध आणि खडीसाखर. मी मिक्सरचं नाव काढलं तर वस्तादांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्प मांडी घालून बसलो.

"पाव्हणं, थंडाई म्हंजे बदाम," ते म्हणाले. "बदाम खवट, तर सगळी कुंडी वाया."

मग त्यांनी तीन बदाम माझ्या तळहातावर ठेवले. लांबट, गुळगुळीत, एकसारखा तो कॅलिफोर्नियाचा. आपल्या ऑफिसच्या दिवाळी गिफ्टमध्ये येतो तोच. वेडावाकडा, सुरकुतलेला, जास्त तेलकट तो मामरा, महाग. आणि बारका तो गुरबंदी. त्यात अधूनमधून एखादा कडू निघतो. कडू निघाला की थुंकायचा, कारण कडू बदाम पोटात गेला की त्यातून सायनाइड तयार होतं. जुना बदाम ओळखायचा तो वासावरून. फोडून नाकाशी धरला आणि तेलकट, कुबट वास आला, की दुकानदाराला परत. बाजारच्या बाटलीतल्या सरबताचं लेबल एकदा वाचून बघा. पहिलं नाव साखरेचं असेल, तर बदाम किती असणार ते समजून घ्या.

इथवर सगळं छान होतं. पण माझ्या भावानं हळूच म्हटलं, "वस्ताद, माझ्या वाटणीची खसखस काढा."

सगळे थांबले. पुढच्या महिन्यात त्याची निवड चाचणी आहे आणि तिथे डोप टेस्ट होऊ शकते. खसखस आणि अफू एकाच झाडाची. बियांमध्ये स्वतःचं असं फारसं काही नसतं, पण बोंडातला चीक त्यांना चिकटून राहू शकतो. धुतल्यावर तो बराच कमी होतो, तरी कुठल्या पोत्यात किती, हे डोळ्यांनी दिसत नाही. स्पर्धेच्या काळात मॉर्फिन बंद यादीत आहे, भांगेतला नशेचा घटकही. खसखशीमुळे नमुन्यात मॉर्फिनचा अंश दिसल्याची उदाहरणं जगभर आहेत.

"आमच्या बापजाद्यांनी हेच पिऊन मैदानं मारली," वस्ताद म्हणाले.

"व्हय वस्ताद. पर त्यांची टेस्ट न्हवती."

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. तिकडे प्रशांत महासागरात फिजी, वानुआतूमध्ये लोक संध्याकाळी कावा पितात. एका झाडाचं मूळ कुटून, पाण्यात कालवून, गाळून. अंग सैल पडतं, जीभ बधिर होते. आणि गंमत म्हणजे हे झाड आपल्या मिरीचं आणि नागवेलीच्या पानाचं चुलत भावंड! तिथेही 'कावा' एवढं नाव पुरत नाही. एक जात रोज प्यायची, 'नोबल' म्हणतात ती. दुसरी 'टूडे', तिचा अंमल दुसऱ्या दिवसापर्यंत उतरत नाही. वानुआतूनं २००२ मध्ये कायदाच केला, की बाहेर पाठवायचा तो नोबल. दिसायला दोन्ही वाट्या सारख्याच, गढूळ. माझ्या पार्टीतला ग्लास आणि वस्तादांची कुंडी, दोन्हींचं नाव थंडाई, तसंच हे.

वस्ताद जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी कुंडी बाजूला सारली, दुसरी ओढली आणि मूठभर बदाम टाकून पुन्हा पहिल्यापासून घोटायला लागले. खसखशीची वाटी लांबच राहिली. पोरगं मान खाली घालून हसत होतं.

मी त्या दुसऱ्या कुंडीतला ग्लास घेतला. दाट, थंड, मागून मिरीचा हलका चटका. अर्धा तास वाट बघितली. काही झालं नाही. फक्त रात्री जेवण गेलं नाही, कारण शंभर ग्रॅम बदामात ५८० च्या आसपास कॅलरीज असतात आणि मी काही बैठका मारल्या नव्हत्या.

तेव्हा पुढच्या होळीला कुणी ग्लास पुढे केला, तर लाजू नका. आधी विचारा, "यात काय काय आहे?" आणि सांगता आलं नाही, तर सरळ ताक मागा.