मुलगी फिजिक्स घेते आहे

लग्नाच्या पंगतीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "मुलगी काय करते?" कॉम्प्युटर म्हटले, की विचारणारा समाधानाने जिलबीकडे वळतो. डॉक्टरकी म्हटले, तर जरा सरसावून बसतो. पण "भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचं म्हणते" असे सांगितले, की त्याचा हात ताटातच थबकतो. "बरं. आणि मग पुढे?" या 'पुढे'मध्ये केवढा खंदक आहे, हे मुलीच्या बापालाच ठाऊक!

आमच्या मलकापुरात तर या प्रश्नाला अधिकच धार येते. कारण इंजिनिअरिंग कॉलेज गावातच आहे. घरचे जेवण, मुलगी आईच्या नजरेसमोर आणि चार वर्षांत डिग्री! गंमत अशी, की त्या कॉलेजाला नाव आहे डॉ. वि. भि. कोलते यांचे. नरवेलचे कोलते म्हणजे महानुभाव वाङ्मयाचे गाढे अभ्यासक. पोथ्यांत आयुष्य घालवून ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९६७ साली भोपाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरुणपणी त्यांनाही कुणीतरी "आणि मग पुढे?" असे विचारलेच असणार!

आमच्या सौ. मात्र थोरामोठ्यांच्या दाखल्यांनी बधत नाहीत. "तुम्ही मराठी घेतलंत, ते निभावलं. दर वेळी निभावतंच असं नाही." यात खोटे काय आहे? एम.ए. झाल्यावर मी सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. दिवाळीचे पैसे शिमग्याला हाती येत. भौतिकशास्त्राची वाट तर याहून लांब. बी.एस्सी., एम.एस्सी., मग नेट किंवा गेट आणि त्यानंतर पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे. विद्यावेतन मिळते हे खरे. पण मैत्रिणी फ्लॅटचे हप्ते भरीत असतील, तेव्हा ही वसतिगृहात असेल. एवढे करून कायमची जागा मिळेलच, असा भरवसा कोणी द्यावा?

हे सारे मी कन्येला समोर बसवून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि रोहिणी गोडबोले यांचे नाव काढले. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात शिकलेल्या या बाई १९७९ साली अमेरिकेत पीएच.डी. झाल्या, परत आल्या, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मूलकणांवर संशोधन करीत राहिल्या. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली; २०२४ मध्ये त्या गेल्या. भारतातल्या शास्त्रज्ञ स्त्रियांच्या कहाण्यांचे पुस्तकही त्यांनी संपादित केले.

"सगळ्याच काही गोडबोले होत नाहीत," सौ. म्हणाल्या.

"नाहीच होत," कन्या म्हणाली. "पण आपल्या हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा! २०२३ मध्ये सरकारने मंजुरी दिली. तिथं माणसं लागतीलच ना?"

मला मात्र तिच्या या व्यवहारी उत्तरापेक्षा जुनी गोष्ट आठवली. ती दहा वर्षांची असताना आम्ही लोणारला गेलो होतो. मी तिला लवणासुराची कथा रंगवून सांगितली. दैत्यसूदनाचे देऊळ दाखवले. तिने कथा ऐकली, मग पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या त्या विवराकडे पाहत विचारले, "बाबा, वरून दगड पडला म्हणतात, तो गेला कुठे?" घरी आल्यावर आठ दिवस ती पुस्तके धुंडाळीत होती. आदळण्याच्या उष्णतेने त्याची बहुतेक वाफ झाली, हे तिनेच मला सांगितले, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. मला कविता समजली, की माझाही तसाच होतो, असे सौ. म्हणतात.

नोकरीची हमी बापाला देता येत नाही. मुलीला काय आवडते, ते मात्र त्याला माहीत असते. मी अर्जावर पालकाची सही केली. सौ. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढून पुसत बसल्या. "वसतिगृहात कुलूप चांगलं हवं," एवढेच म्हणाल्या.