एका शब्दाचे पांघरूण

२०१८ च्या मार्चमध्ये माइन नदीकाठच्या वुर्झबुर्ग शहरात एका वृद्ध बाईंकडे मी आठवडाभर उतरलो होतो. पहिल्याच रात्री ब्लँकेट फाटके निघाले. मास्तरकीच्या सवयीने शब्दकोश उघडला. ‘ब्लँकेट’ला जर्मन शब्द ‘डेके’. सकाळी मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “डी डेके इस्ट कापुट!”

बाईंची नजर झटकन वर गेली. चेहरा उतरला. मी ब्लँकेटचे भोक दाखवले, तेव्हा कुठे त्या हसल्या.

‘डेके’ म्हणजे छतसुद्धा! मूळ अर्थ झाकणारे, आपल्या ‘आच्छादना’सारखाच. पण बाई घाबरल्या का?

चहा पिताना त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितले. १६ मार्च १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी वीसेक मिनिटांत हे शहर पेटवले. सुमारे पाच हजार माणसे गेली. बाई तेव्हा सहा वर्षांच्या. आईने ओल्या पांघरुणात गुंडाळून त्यांना तळघरातून बाहेर काढले. मागे छत कोसळले.

“एक डेके पडली, दुसरीने वाचवले,” त्या म्हणाल्या, आणि कपाटातले सर्वांत जाड पांघरूण माझ्या हाती दिले.