यादीतून गळलेली नावे

आम्ही कारकून माणूस. बी.कॉम. झालो आणि आयुष्य आवक-जावक नोंदवहीत गेले. ‘नोंद नाही म्हणजे माणूस नाही’ हा कचेरीतला रिवाज आम्हांला चांगलाच ठाऊक. तोच रिवाज संगणकाच्या पडद्यावर भेटेल असे मात्र वाटले नव्हते.

वस्तीतल्या वाचनालयासाठी मराठी लेखिकांची यादी हवी होती. थोरली मुलगी संगणक शिकते. ती म्हणाली, “बाबा, विकिडेटाला विचारू या.”

विकिडेटा हे २०१२ साली सुरू झालेले खुले माहितीभांडार. त्यात लेख नसतात, नोंदी असतात. आज त्या दहा कोटींहून अधिक आहेत. प्रत्येक नोंदीला क्रमांक. ‘मनुष्य’ म्हणजे क्यू ५, ‘मराठी भाषा’ म्हणजे क्यू १५७१. जन्मतारखेच्या रकान्याला पी ५६९. अभ्यासाला वापरा, सॉफ्टवेअरमध्ये घ्या, पैसा नाही की परवानगी नाही. प्रश्न तेवढा स्पार्कल नावाच्या भाषेत विचारायचा.

मुलीने पाच ओळी लिहिल्या: मनुष्य, स्त्री, व्यवसाय लेखक, भाषा मराठी, जन्मतारीख अमुक. क्षणात यादी आली. आम्ही सवयीप्रमाणे कपाटातल्या पुस्तकांशी ताळा केला, तर ओळखीची काही नावे गायब!

“नोंदच नसेल, बाबा.”

एकेक नाव वेगळे शोधले. कित्येकींच्या नोंदी होत्या. मग घोटाळा कुठे? तासाभराने उलगडा झाला. आम्ही जन्मतारीख मागितली होती. जिची तारीख भरलेली नाही, तिची ओळच यंत्राने गाळली होती. चूक झाली असेही ते सांगत नाही. त्या रकान्याला ‘ऑप्शनल’ हा एक शब्द लावला की तारखेची जागा कोरी राहते, पण नाव येते. मुलीने शब्द लावला. नावे आली.

आम्ही गप्प झालो. आमच्या आईला जन्मतारीख नव्हती. आमची आहे ती १ जून, मास्तरांनी शाळेत घालताना दिलेली. अशी खोटी तारीख तिथे घालावी लागत नाही. नुसते वर्ष नोंदवायची सोय आहे, हे पाहून बरे वाटले.

काही जणींची मात्र नोंदच नव्हती. तिथे कोणताही शब्द चालत नाही. माणसालाच बसून भरावे लागते. पुढच्या रविवारी आम्ही पुस्तकांवरील परिचय वाचत गेलो, मुलगी आधार देऊन नोंदी करत गेली. दिवसभरात सात झाल्या. नंतर पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्या सातही यादीत होत्या.

वाचकहो, आपली मुले प्रकल्पासाठी अशा याद्या काढतील. त्यांना एवढेच सांगा की यंत्र कोणीतरी भरलेलेच सांगते, तेही विचारू तसे. यादी हाती आली की आधी घरच्या कपाटाशी ताळा करा. नाव गळले असेल, तर प्रश्न तपासा. नोंदच नसेल, तर ती आपण करा.